विक्रांत सरंजामेवरून दोन जावांत अबोला

ताई, सप्रेम नमस्कार.

मी एकसष्ट वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मिरजेला असते. माझी धाकटी जाऊ पुण्यात, सिंहगड रोडला. गेली वीस वर्षं आमचा एक नेम आहे. रात्रीची मालिका संपली, मागचं आवरलं, की फोन. "आज ती अशी का वागली असेल गं?" इथून सुरुवात होते ती अर्धा-पाऊण तास. सासूबाई गेल्या तेव्हाचे तेरा दिवस सोडले तर खंड नाही. घरातले हसतात. हसू देत.

यंदा आम्ही 'तुला पाहते रे' मोबाईलवर पहिल्या भागापासून पुन्हा पाहायला घेतली. रोज दोन भाग. आणि तिथेच माशी शिंकली. माझं म्हणणं, नायक विक्रांतचं नायिका ईशावर आधी खरंच प्रेम होतं, लग्नानंतर लेखकांनी त्याला ओढूनताणून खलनायक केला. जाऊ म्हणते, पहिल्या दिवसापासून सगळा डाव होता, तुम्हाला दिसला नाही. एका रात्री शब्दाने शब्द वाढला आणि ती बोलून गेली, "ताई, गोड बोलणारी माणसं तुम्हाला कधी कळलीच नाहीत." तिचा रोख कुठे होता ते मला कळलं. ते इथे लिहीत नाही.

त्यात तिचा मुलगा. मालिकांच्या एडिटिंगचं काम करतो. मागून म्हणाला, "मोठी आई, तुम्ही दोघी जेवढा विचार करता तेवढा लिहिणाऱ्यांनीसुद्धा केलेला नसतो. सगळं टीआरपीवर चालतं." मी फोन ठेवला. त्याला आज सतरा दिवस झाले.

तर ताई, एवढं सांगा. विक्रांतच्या मनात काय होतं हे ठरवता येतं का? खोट्या माणसांच्या मनाचा एवढा काथ्याकूट करणाऱ्या आम्ही खुळ्या आहोत का? आणि फोन कुणी करायचा?

साडेआठवाली, मिरज

*

प्रिय बाई,

(शाळेत आयुष्य घालवलेल्या शिक्षिकेला मी ताई कशी म्हणू? बाईच बरं.)

तुमचं पत्र आठ पानी होतं, वर त्यातला गाभा तेवढा छापला आहे. फोनचं शेवटी बघू. आधी विक्रांत, कारण आठातली सहा पानं त्याचीच आहेत.

मीही फसले होते, हे आधीच सांगून टाकते. ऑगस्ट २०१८ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा घराघरात वाद होता तो वयाचा. चाळिशी ओलांडलेला उद्योगपती आणि चाळीतली विशीतली मुलगी, हे शोभतं का? आमच्या इमारतीत त्यावरून दोन तट पडले होते. आपण सगळे त्या वीस वर्षांच्या फरकावर भांडत बसलो आणि त्या गडबडीत विक्रांतला माणूस म्हणून न्याहाळायचं राहूनच गेलं. खिसेकापू असाच असतो. धक्का एका बाजूने देतो, पाकीट दुसऱ्या बाजूने जातं.

आणि चेहरा कुणाचा? सुबोध भावेचा. २०११ मध्ये ज्याला आपण बालगंधर्व म्हणून पाहिलं, २०१५ मध्ये लोकमान्य म्हणून पाहिलं, मालिका चालू असतानाच नोव्हेंबर २०१८ मध्ये जो डॉ. काशिनाथ घाणेकर होऊन थिएटरात आला, त्याच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? टिळकांना कुणी विचारतं का, तुमचा हेतू काय म्हणून? या मालिकेतली पहिली चलाखी गोष्टीत नव्हतीच, ती नट निवडण्यात होती असं मला वाटतं. आपला विश्वास आधीच्या कामांतून आयता जमा झालेला होता आणि विक्रांतने तो फक्त खर्च केला.

मग लग्न झालं आणि पडदा सरकला. हा सरंजामे नव्हेच, हा गजेंद्र पाटील. घराण्याचा मुलगा नव्हे, जावई. पहिली बायको राजनंदिनी, तिच्या मरणाला हाच कारण, आणि ईशा म्हणजे तिचाच पुनर्जन्म. जुलै २०१९ मध्ये सगळं आटोपलं. एक वर्षही पुरं नाही. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालून तीन हजारांवर भागांना पोचलेली पाहिलेल्या आपल्याला हे म्हणजे वळीव आल्यासारखं झालं.

आता तुमचं आणि जावेचं भांडण. बाई, मला वाटतं तुम्ही दोघी एकाच माणसाबद्दल बोलताय, पण एका दिशेने बघत नाही आहात. तुम्ही विक्रांतला पुढून पाहताय, जसा तो २०१८ मध्ये रोज रात्री उलगडत गेला तसा. जाऊ शेवटाच्या टोकाला उभी राहून मागे पाहतेय. तिला गजा पाटील आधीच माहीत आहे, म्हणून त्याचं साधं हसणंही तिला खोटं दिसतं. दोघींनाही स्वतःपुरतं खरंच दिसतंय. आणि तो तिसरा, तुमचा पुतण्या, तो तर विंगेत उभा आहे. त्याला विक्रांत दिसतच नाही, त्याला दिसतो कापायचा राहिलेला सीन. तुम्ही विचारताय, विक्रांत असा का वागला? तो उत्तर देतोय, मालिका अशी का वागली? प्रश्न बदलून दिलेलं उत्तर कितीही बरोबर असलं तरी शाळेत तुम्ही त्याला शून्यच दिलं असतं.

शाळेवरून आठवलं. तुमच्या हाताशी एक फार चांगलं हत्यार आहे आणि तुम्ही ते निवृत्तीबरोबर कपाटात ठेवून दिलेलं दिसतं. 'कोण कोणास म्हणाले?' मराठीच्या पेपरातला तो दोन गुणांचा प्रश्न. तीस-पस्तीस वर्षं तुम्ही पोरांकडून तो घोटून घेतला असेल. पात्राचा हेतू शोधायला मला तरी याहून चांगली रीत ठाऊक नाही. विक्रांत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणाला. बरं. कोणास म्हणाला? ईशाला. म्हणजे ज्या व्यक्तीला पटवायचं होतं तिलाच. ही साक्ष फार हलकी धरायची. तो हेच दुसऱ्या कुणाला, त्याच्या डावात सामील असलेल्याला म्हणाला का? तर वजन वाढतं. आणि सगळ्यात मोलाचे ते सीन जिथे 'कोणास' या रकान्यात काहीच भरता येत नाही. तो एकटा आहे, खोलीत दुसरं कुणी नाही, दार बंद आहे. तिथे त्याचा चेहरा काय करतो?

कारण एकट्या माणसाला फसवायला समोर कुणीच नसतं. आपण सोडून.

सगळी मेख इथे आहे. तुम्ही रोज दोन भाग बघताय ना? मग वही घ्या. लग्नाआधीच्या भागांमध्ये विक्रांत पूर्ण एकटा असतानाचे सीन टिपून ठेवा. त्यांत तो ईशाच्या आठवणीने हळवा होताना स्पष्ट दाखवला असेल, तर दोनच अर्थ निघतात. एक, तुमचं बरोबर, डाव मांडता मांडता त्याचा जीव अडकला होता. दोन, मालिका आपल्याशी खोटं बोलली. पात्राने पात्राशी खोटं बोलावं, ते त्याचं कामच. पण कॅमेऱ्याने प्रेक्षकाशी खोटं बोलायचं नसतं, तो नियम मोडला की रहस्याची फसवणूक होते. आणि एकटेपणीचे सीन कोरे असतील, तो खिडकीतून बाहेर बघतोय आणि चेहऱ्यावर काहीच वाचता येत नाही असं असेल, तर जावेच्या पारड्यात एक मोठा दगड पडला म्हणायचा. मी मुद्दाम सांगत नाही काय सापडेल ते. तुम्हीच शोधा, आणि शोधताना एक पथ्य पाळा. पार्श्वसंगीत ऐकू नका. जमलं तर आवाज बंद करून चेहरा बघा. बासरी वाजली की आपण विरघळतो आणि त्याला प्रेम समजतो. मालिकेतलं संगीत हा फितूर साक्षीदार आहे बाई, ज्या पक्षाने बोलावलं त्याच्या बाजूने बोलतो.

हाच नियम लावून बघितलं की चांगला धक्का कुठला आणि नुसता झटका कुठला ते आपोआप वेगळं होतं. चांगला धक्का बसला की मन मागे धावतं, 'अरे हो, तेव्हा तो असं म्हणाला होता!' झटका बसला की मन मागे धावतं आणि तिथे काहीच नसतं. 'ते सगळं स्वप्न होतं' हा झटका. डोक्याला मार लागून स्मृती जाणं हाही. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीची स्मृती गेली तेव्हा आपण सोसलं, पुढे तिचं बाळंतपण लांबत गेलं तेव्हा मात्र उभ्या महाराष्ट्राने विनोद केले. 'रंग माझा वेगळा'मधला कार्तिक स्वतः डॉक्टर, आणि एका डीएनए चाचणीने सुटणारा बायकोवरचा संशय उराशी धरून तो कित्येक महिने घर जाळत बसला. तिथे त्याच्या मनाचा कितीही तळ शोधा, हाती लागतं ते एवढंच की चाचणी झाली असती तर मालिका संपली असती.

उलट 'रात्रीस खेळ चाले' बघा. २०१६ चा पहिला भाग सुरू होतो तोच अण्णा नाईकांच्या मरणाने. मग २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते काळात मागे जाऊन, अण्णा जिवंत असतानाचं. म्हणजे शेवट आधीच ठाऊक! रहस्यमालिकेतलं रहस्यच काढून टाकल्यावर उरणार काय असं तेव्हा मलाही वाटलं होतं. पण आकेरीच्या त्या वाड्यात माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांनी लोकांना असं धरून ठेवलं की पहिल्या पर्वापेक्षा दुसरंच जास्त लक्षात राहिलं. काय होणार हे संपलं, तेव्हा कसं आणि का हे सुरू झालं. 'देवमाणूस'चंही तेच. डॉक्टर खुनी आहे हे आपल्याला लवकरच कळतं, गावाला कळत नाही. आपण जागचे हलत नाही ते 'आता हिला कधी कळणार' यासाठी.

यात नवं काहीच नाही म्हणा. आपल्या गावच्या देवळात कीर्तनकार उभा राहतो तेव्हा राम वनवासाला जाणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं. तरी बुवा मंथरा आणि कैकेयीच्या संवादावर अर्धा तास घेतात, आणि कैकेयीचं मन नेमकं कुठल्या वाक्याला फिरलं यावर बायका घरी जाताना वाद घालतात. रामावर भरतापेक्षा जास्त माया करणारी बाई एका रात्रीत अशी कशी झाली? आईच्या जिवाने, की राणीच्या भीतीने, की मुळातच तशी होती? माझी आजी कैकेयीची बाजू घ्यायची. आजोबा चिडायचे. तुमची ती रात्रीची पाऊण तासाची बैठक याच ओसरीवरची आहे, फक्त आता ओसरीऐवजी फोन आहे. तेव्हा खुळ्या आहात का हा प्रश्न मी निकालात काढते. कर्णाने कवचकुंडलं का दिली यावर बोललं की ती रसिकता, आणि 'आई कुठे काय करते'मधल्या अनिरुद्धने बायकोला, अरुंधतीला का सोडलं यावर बोललं की तो रिकामटेकडेपणा, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

आता पुतण्याकडे वळू. त्याला झिडकारू नका. त्याचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं तुम्हाला उपयोगाचं आहे.

श्रेयनामावलीत नीट बघा. कथा एकाची, कथाविस्तार दुसऱ्याचा, पटकथा तिसऱ्याची, संवाद चौथ्याचे. एका पात्राचं मन इतक्या जणांनी वाटून घेतलेलं असतं. त्यात दर आठवड्याला रेटिंगचे आकडे येतात आणि ज्याचा ट्रॅक चालला त्याला जास्त सीन मिळतात. नट सोडून जातो. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया २०१८ मध्ये एका रात्रीत रसिका सुनीलची ईशा केसकर झाली. तिच्या प्रेमात पडलेल्या गॅरीला काही फरक पडला नाही, आपल्यालाच दोन दिवस लागले. कधी प्रेक्षकच कथा फिरवतात. २००१ मध्ये 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर मेला तेव्हा लोकांनी एवढा आकांत मांडला की त्याला जिवंत करून परत आणावं लागलं. आणि एप्रिल २०२१ आठवा. करोनामुळे राज्यात चित्रीकरण बंद झालं आणि कितीतरी मराठी मालिकांतली कुटुंबं उठून परराज्यात गेली, कुणी गोव्याला, कुणी सिल्वासाला. त्या महिन्यात 'हे सगळे अचानक फिरायला का निघाले?' यावर तुम्ही दोघींनी डोकं शिणवलं असेल तर तिथे मात्र पुतण्याला फोन द्यायला हवा होता.

आणखी एक. कधी कधी 'असं का केलं' याचं उत्तर दुसऱ्याच भाषेत असतं. 'आई कुठे काय करते' ही 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून आली. म्हणजे अनिरुद्धचं आणि त्याच्या प्रेयसीचं, संजनाचं जे काही व्हायचं ते आधी कोलकात्यात होऊन गेलं होतं. 'तुला पाहते रे'चा प्रवास उलटा, ती आपल्याकडून कन्नडमध्ये गेली, 'जोते जोतेयली' होऊन. तिकडच्या जावा कशावरून भांडल्या असतील कोण जाणे.

तर पुतण्याचं हे सगळं मान्य. पण गवंड्याला भिंत वाकडी का झाली ते कळतं, त्या घरातल्या सासूसुना एकमेकींशी का बोलत नाहीत ते त्याला भिंतीवरून सांगता यायचं नाही. संजनाचं काम करणारी दीपाली पानसरे गेली आणि रुपाली भोसले आली, हे झालं सेटवरचं कारण. पण नवी संजना जे बोलली, वागली, ते संजनाच्याच खात्यावर जमा झालं. तुमचंच बघा ना. तुमची बदली जिल्हा परिषदेने केली असेल, कारण फाईलीवर काहीतरी प्रशासकीय असेल. पण त्या नव्या गावात तुम्ही जशा राहिलात, ज्या पोरांना जीव लावलात, ते फाईलीतलं नव्हतं. माणसांनाही बाहेरच्या कारणांनीच ढकललेलं असतं आणि मग ती आपापली कारणं आतून तयार करतात. पात्रांना ही सूट का नसावी? पुढच्या वेळी तो 'टीआरपी' म्हणाला तर शांतपणे विचारा, "कुठल्या सीनला रे? नेमका दाखव." दाखवू शकला तर ते वहीत लिहा. नाही तर त्याला चहा करायला पाठवा.

आता त्या अर्ध्या ओळीकडे येते.

सहा पानं विक्रांतवर. आणि 'गोड बोलणारी माणसं तुम्हाला कधी कळलीच नाहीत' यावर 'ते इथे लिहीत नाही' एवढंच. बाई, सतरा दिवसांचा अबोला विक्रांतवरून नाही. विक्रांतवरून माणसं दोन दिवस रुसतात.

मला माझ्या बहिणीचं आठवलं. १९९९ मध्ये 'आभाळमाया' सुरू झाली, तेव्हा ती वाहिनी अल्फा मराठी होती. सुकन्या कुलकर्णीची सुधा जोशी, शिकलेली, कमावती, आणि तिचा नवरा शरद बाहेर गुंतलेला. मी तावातावाने म्हणायचे, हिने त्याला तेव्हाच दार दाखवायला हवं होतं. बहीण म्हणायची, असं नसतं गं, मुलींकडे बघावं लागतं. मी तिला पुचाट म्हणाले. सुधाला नव्हे, बहिणीलाच म्हणाले, आणि त्यावर हसलेसुद्धा. तिच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते मला चार वर्षांनी कळलं. ती सुधाबद्दल बोलतच नव्हती. तिला उघड बोलता येत नव्हतं म्हणून ती रोज रात्री सुधाच्या आडून माझ्याशी बोलायचा प्रयत्न करत होती, आणि मी पटकथेतल्या चुका काढत होते.

म्हणून मालिकेवरच्या भांडणात एक कान नेहमी उघडा ठेवावा. समोरचं माणूस पात्राची बाजू प्रमाणाबाहेर जीव तोडून मांडायला लागलं की समजावं, इथे काहीतरी दुखतंय. तुम्ही विक्रांतच्या पहिल्या प्रेमाला एवढं का जपताय? आणि जाऊ ते एवढ्या हट्टाने का खोडून काढतेय? तुमच्या घरात कोण गोड बोललं होतं, कुणाचं काय गेलं, जमीन, पैसे की आणखी काही, मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. पण तुम्हा दोघींना ते माहीत आहे. कदाचित तेव्हा जावेने सावध केलं होतं आणि तुम्ही ऐकलं नाही. कदाचित तुम्ही ज्याच्यावर विश्वास टाकलात त्याची झळ तिलाही बसली. तसं असेल तर तिच्या वाक्यात टोमणा आहे, पण त्याच्याखाली इतक्या वर्षांत न बोललेलं एक गाऱ्हाणंही आहे. त्याचं उत्तर विक्रांत निर्दोष ठरवून मिळायचं नाही. तो निर्दोष ठरला तरी तुमचा माणूस ठरत नाही.

ते बोलणं फोनवर करू नका. मालिकेच्या वेळेत तर नकोच, त्या वेळेला काही झालं तरी कोर्ट बसवू नये. मिरजेहून पुणे काही सातासमुद्रापार नाही. सवडीने जा, दोन दिवस राहा, स्वयंपाकघरात दोघीच असाल तेव्हा विषय काढा, किंवा नाही काढावासा वाटला तर नका काढू. काही घरांत अशा गोष्टी भाजी निवडता निवडता, एकमेकींकडे न बघता बोलल्या जातात आणि तेवढ्याने भागतं. तिने टोचलं ते चूकच, हेही तिला सांगायला हरकत नाही. वडीलकीच्या नात्याने सगळं गिळायचं असं मी कधी कुणाला सांगत नाही.

माझं मत विचारलं नाहीत, तरी देते. मला वाटतं विक्रांतचं प्रेम होतं, पण ईशावर नव्हतं. त्याचं प्रेम होतं त्या सरंजामे आडनावावर, आणि ते देऊ शकणाऱ्या बाईकडे बघताना त्याचे डोळे खरोखरच भरून येत असणार. अशी माणसं खोटं बोलतात तेव्हा त्यांचं त्यांनाही ते खोटं वाटत नाही. म्हणून तर ती कळत नाहीत, तुम्हाला काय आणि मला काय. हे माझं मत तुमच्या वहीतल्या एकट्या सीनांपुढे टिकलं नाही तर मागे घेईन.

राहिला फोन. तुम्ही करा. मोठ्या आहात म्हणून नाही. फोन ठेवला तुम्ही, म्हणून. रोजच्या वेळेला करा, मागचं आवरून झालं की. माफी, खुलासा, 'तू असं का म्हणालीस' यातलं काहीही पहिल्या वाक्यात नको. विक्रांतही नको, त्याला आठवडाभर रजा द्या. दुसरा विषय हवा असेल तर माझ्याकडे एक आहे. 'रात्रीस खेळ चाले'मधली माई, अण्णाची बायको. अण्णाचं सगळं डोळ्यांनी दिसत होतं, शेवंता माहीत होती, मार माहीत होता, तरी ती तो वाडा सोडून गेली नाही. माझी बहीण म्हणते, जायला जागा नव्हती म्हणून. मी म्हणते, तो वाडा अण्णाचा नव्हताच, तिचा होता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. २०१९ पासून आमचं यावर पटलेलं नाही. तुमच्या जावेला काय वाटतं ते विचारा, आणि मला कळवा.